भट्टी आता सकाळी नऊला लागते

अप्पा, पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला आलेल्या माणसांनी तुमच्याबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं मला पटलं नाही. एकजण म्हणाले, फार शांत माणूस. दुसरे म्हणाले, कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मी पांढरी साडी नेसून तुमच्या फोटोशेजारी बसले होते, म्हणून गप्प राहिले. नाहीतर विचारणार होते, की केशवापुरातल्या आमच्या घरात रोज दिवेलागणीला जो माणूस विजेवरून सुनेशी तास-तासभर भांडायचा, तो मग कोण होता? मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. तुमच्या लेकाच्याही मनात तेच आलं असणार, कारण तो ओठ दाबून हसला आणि लगेच रडायला लागला.

पंधरवडा झाला तुम्हाला जाऊन. सकाळी चहा घेतलात, पेपर मागितलात, आणि मी पेपर घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धं राहिलंय, आणि त्यात मी बोललेलं एक वाक्य मला परत घ्यायचंय.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही नुकतेच रिटायर होऊन हुबळीला आला होता. तीस वर्षं औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरवर. मी बेळगावची, शिकून इंजिनियर झालेली, आणि माझं काम काय, तर तारिहाळच्या कारखान्यांना कोळशाची वीज कमी कशी लागेल ते दाखवून द्यायचं. अशी दोन माणसं एका घरात ठेवल्यावर दुसरं काय होणार? पहिल्या वर्षी मिलिंद मध्ये पडायचा. मग त्यानं नाद सोडला. आपलं सुरू झालं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मी पहिल्यांदा 'एकात्मिक ऊर्जा व्यवस्था' म्हणाले तेव्हा तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं पाहिलंत.

"काय म्हणालीस?"

मी समजावून सांगितलं. छपरावरचं सोलर, बॅटरी, भट्टीतून फुकट जाणारी गरम हवा, कुठलं मशीन किती वाजता लावायचं, हे सगळं सुटंसुटं न बघता एकत्र बघायचं. एकाचं उरलेलं दुसऱ्याला द्यायचं. मग बाहेरून कोळशाची वीज कमी घ्यावी लागते, आणि तेवढा धूर कमी होतो.

"एवढंच व्हय," तुम्ही म्हणालात. "तुझी सासू रोज करत होती की. भात उतरला की त्याच चुलीवर पाणी, पाणी झालं की निखाऱ्यात वांगं. तिला कुणी एम.टेक. दिलं न्हाई."

मी चिडले, मग हसले. पुढच्याच महिन्यात धारवाडच्या एका कॉलेजात बोलताना तुमचा तोच दाखला दिला आणि टाळ्या घेतल्या. घरी येऊन सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर तुम्ही वर्षभर ऐकवलं असतंत.

खरं सांगते, कोळशाची वीज मी शिकले पुस्तकात, पण कळली ती आपल्या गच्चीवर. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की तुम्ही बोलता बोलता थांबायचा. "आता बघ, तिकडं बॉयलरवर पोरं पळायला लागली असतील," म्हणायचा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी त्या वेळेला तुमचे हात अस्वस्थ व्हायचे. दुपारी ऊन भरपूर असतं, सगळीकडचं सोलर जोरात असतं, तेव्हा बॉयलरला सांगतात, बस खाली. पण तो फार खाली आणला की आतली ज्वाळ डळमळते, मग ती धरून ठेवायला वरून तेल जाळावं लागतं. ऊन उतरलं, घराघरांत दिवे, मिक्सर, पंप लागले की त्यालाच सांगतात, ऊठ, पळ.

"म्हातारी म्हैस हाय ती," तुम्ही सांगितलंत. "रोज उठबस करायला लावली की गुडघे जात्यात. नळ्या तापत्यात, निवत्यात, चिरत्यात. तुझं दुपारचं सोलर चांगलं हाय गं पोरी. पण संध्याकाळचं काय करतीस ते सांग."

मी म्हणायची, बॅटरी. तुम्ही विचारायचा, किती वेळ पुरती? मी आकडा सांगितला की तुम्ही आकाशाकडं बघायचा, आणि त्या बघण्याचा मला फार राग यायचा.

कोळशाची बाजू घेताना तुम्ही आंधळे नव्हता. वीज केंद्राच्या कॉलनीत दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत राखेनं करडे व्हायचे, सासूबाई पापड फडक्याखाली वाळवायच्या, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. घरातली पहिली कायमची नोकरी तुमची. तिच्यावर हे घर झालं, मिलिंद शिकला. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायचा आणि त्यातली एकही लपवायचा नाहीत. "बंद करा की," म्हणायचा. "पण बॉयलर बंद करायचं सुद्धा एक काम असतंय. हळूहळू उतरवावा लागतोय. घाई केली की शेजारी उभी असलेली माणसं भाजत्यात." मग राख वाहणारी कंत्राटी माणसं, कँटीनवाले, कोळशाच्या वॅगनी रिकाम्या करणारे, एकेकाचं नाव घेऊन विचारायचा, हे कुठं जातील? मी म्हणायची, त्यासाठी सरकारचं धोरण असतं. "कुठं ठेवलंय ते?" तुम्ही विचारायचा. इथपर्यंतचं भांडण मात्र मला आवडायचं, हे तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालते.

मग ते तारिहाळचं काम आलं.

पंपाचे ओतीव भाग तापवून सावकाश थंड करायचे, म्हणजे ते चिवट होतात, असा तो कारखाना. मोठी विजेची भट्टी. छपरावर सोलर आधीच बसवलेलं, आणि भट्टी लागायची संध्याकाळी सातला. म्हणजे दुपारची सोलरची वीज न वापरता बाहेर जायची, आणि सगळी हुबळी दिवे लावायची त्याच वेळेला ही भट्टी कोळशाच्या विजेवर तापायला लागायची. मी कागदावर सगळं उलटं केलं. सकाळी सहाला भट्टी उघडायची, थंड झालेला माल काढायचा, नवा भरायचा, नऊला बटण दाबायचं. दिवसभर उन्हावर तापेल, चारला बंद, रात्रभर बंद दारामागं सावकाश निवेल. निघणाऱ्या गरम हवेवर माल धुवायचं पाणी तापेल. लहानशी बॅटरी संध्याकाळचे पंखे आणि दिवे ओढेल. मालकांना आवडलं. माल भरणाऱ्या चौघांना मी मालकांसमोरच विचारलं, जमेल ना? चौघंही मान हलवून म्हणाले, "हौद्री मॅडम." हो, मॅडम.

पहिल्या दिवशी सहाला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नऊनंतर चौघं धापा टाकत आले, माल भरून होईपर्यंत अकरा वाजून गेले, आणि भट्टी ऊन उतरल्यावरही चालूच राहिली, नेमकी तुमच्या पोरांच्या पळापळीच्या वेळेला. आठवडाभर हेच. मालक म्हणाले, "मॅडम, जुनंच बरं होतं. महिनाभर बघतो, नाहीतर सोडून देऊ." शेजारचे दोन कारखाने याच भट्टीकडं डोळे लावून बसले होते. ही पडली असती तर तेही मागं फिरले असते, आणि माझं तीन वर्षांचं काम पाण्यात गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती पेटूनच. तुम्ही स्वयंपाकघरात बसला होता. मी सांगत गेले, तुम्ही ऐकत गेलात, आणि शेवटी एकच विचारलंत.

"कुठनं येत्यात गं ती माणसं?"

"कुठून का येईनात. हो म्हणाले होते ना चौघंही."

"मालकापुढं कोण न्हाई म्हणतंय? मान हलवली म्हणजे जमतंय असं असतंय व्हय? आधी इचारायचं, मग कागद करायचा."

तुम्ही बरोबर होता. ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच मी ते बोलले. "अप्पा, तुम्ही जन्मभर कोळसा जाळलात. तो आता आम्हाला निस्तरावा लागतोय. निदान मध्ये तरी येऊ नका."

तुम्ही "होगली बिडु," म्हणालात. जाऊ दे. भांडण मिटवायला तुम्ही नेहमी कन्नडच वापरायचा, पण एरवी त्यात हसू असायचं. त्या दिवशी तुम्ही उठून वर तुमच्या खोलीत गेलात.

पुढचे तीन दिवस आपण गच्चीवर गेलो नाही. तुम्ही दुपारी बाहेर पडायचा. मला वाटलं, मळमड्डीला तुमच्या मित्राकडं जात असाल. चौथ्या दिवशी नाश्त्याला उप्पीट खाता खाता तुम्ही हवापाण्याचं बोलावं तसं म्हणालात, "काल त्या तुझ्या माणसांबरोबर अळणावरला जाऊन आलो."

मी चमचा खाली ठेवला.

"पलीकडच्या खेड्यातली हायत चौघंही. पहिली बस धरली तरी तारिहाळला पोचायला नऊ वाजत्यात. सहाला यायचं तर इथं झोपाय लागंल, आणि घरी गुरं कोण बघणार? त्यांची जुनीच दुपारची पाळी बरी. आणि ऐक. शेडच्या मागं भट्टीची दुसरी ट्रॉली पडलीय, चाक मोडलेली. त्यांच्यातला यल्लप्पा सांगत होता. ती दुरुस्त केली तर संध्याकाळी तिच्यावर माल भरून ठिवत्यात. सकाळी तिथं राहणारा ऑपरेटर नुसती जुनी बाहेर ओढंल, नवी आत ढकलंल. अर्ध्या तासाचं काम."

एवढं सांगून तुम्ही उप्पिटात आणखी लिंबू पिळलंत. त्या संध्याकाळच्या बोलण्याचा शब्दसुद्धा काढला नाहीत. पायाला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता, कारण सुजलेले गुडघे घेऊन तुम्ही बसमध्ये उभ्यानं गेला होता. मला ते दिसत होतं. मी म्हणाले, "बघते," आणि पर्स उचलून निघाले.

शेडमागची ती ट्रॉली मी आधी दोनदा ओलांडून गेले होते. माझ्या नकाशात ती भंगार म्हणून दाखवलेली होती. आठवड्यात चाक बसलं. चौघं आपल्या जुन्या वेळेला यायला लागले, उन्हं कलल्यावर गारव्यात माल भरायला लागले. सकाळी ट्रॉली बदलली, नऊला भट्टी लागली, चारला थांबली. धुण्याच्या टाकीतलं पाणी वेगळी वीज न घेता कढत राहिलं. मालक मला म्हणाले, "ट्रॉलीचं डोकं भारी चालवलंत, मॅडम." मी हसले. खोटं काही बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

तुम्ही विचारलंत, "चाललंय काय?" मी म्हणाले, "चाललंय ठीक." मनात ठरवून ठेवलं होतं, की महिन्याचं रीडिंग हातात आलं की तो कागद घेऊनच यायचं. येताना चुरमुऱ्यांचं गिरमिट बांधून आणायचं, गच्चीवर बसायचं, संध्याकाळी भट्टीचा मीटर कसा सावकाश फिरतोय ते कागदावर तुम्हाला दाखवायचं, आणि मग हळूच त्या वाक्याचंही बोलून टाकायचं. हातात कागद असला की माफी मागणं सोपं जाईल, असा माझा हिशेब. माझ्यासारख्या माणसाला प्रत्येक गोष्टीला आधी पुरावा लागतो, हे तुम्ही कितीदा चिमटा काढून सांगितलं होतंत. रीडिंग तुम्ही गेल्यानंतर पाचव्या दिवशी आलं. चांगलं आलं, अप्पा. संध्याकाळचा भार जवळजवळ उतरला.

गेल्या रविवारी यल्लप्पा घरी आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. त्यांना बातमी बसमध्ये कळली. दारात चप्पल काढून त्यांनी फोटोला हात जोडले. मी चहा केला. मग मी विचारलं, की अप्पा त्या दिवशी तुम्हाला काय म्हणाले? मला खरंच माहिती नव्हतं, पन्नाशीतले चार कष्टकरी, ज्यांनी मला 'हौद्री' पलीकडं काही सांगितलं नाही, ते एका अनोळखी म्हाताऱ्यापुढं एका बस प्रवासात कसे मोकळे झाले.

यल्लप्पा म्हणाले, "ताई, पहिले दोन दिस ते नुसते गेटवर येऊन बसले. चहा पाजला. कुणी काय बोललं न्हाई. आमास्नी वाटलं, मालकाचा माणूस. तिसऱ्या दिशी बशीत चढले आमच्याबरोबर. म्हणाले, मी जन्मभर कोळसा जाळला. माझी सून आता ते निस्तरतीया. लई हुशार हाय, पण तिला खरं कुणी सांगत न्हाई. तुमी सांगा. मग आमी सांगितलं."

अप्पा, मी तुम्हाला मारायला उचललेलं वाक्य तुम्ही खाली पडू दिलं नाहीत. ते तुम्ही घेतलंत, आणि माझी ओळख करून द्यायला वापरलंत. यल्लप्पांसमोरच मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, सासऱ्याच्या आठवणीनं रडतेय. तेही खरंच होतं. जाताना ते म्हणाले, "अभिमान वाटत होता बघा त्यास्नी तुमचा," आणि त्यानं तर आणखीच भर पडली.

तेव्हापासून मी सारखी विचार करते, की तुम्हाला ते वाक्य लागलं होतं की नव्हतं. मिलिंद म्हणतो, अप्पांनी ते कधीच सोडून दिलं होतं, तू उगाच डोक्यात घेऊन बसू नकोस. असेलही. पण न लागलेलं वाक्य माणूस तीन दिवस जपून ठेवत नाही, शब्दाला शब्द. तुम्हाला लागलं होतं. लागल्यावर तुम्ही काय केलंत ते मात्र मला अजून झेपत नाही. मी असते तर तोंड फिरवून बसले असते. तुम्ही बस पकडलीत.

काल तारिहाळला बैठक झाली. दुसरी भट्टीही दिवसावर आणायची, असं ठरत होतं. शेजारच्या दोन कारखान्यांचे मालक आले होते. या वेळी मी आधी सगळ्या कामगारांना वेगळं बसवून विचारलं, मालकांना बाहेर थांबायला सांगून. तासभर लागला. माझ्या कागदावरच्या सहा वेळांपैकी चार बदलल्या, आणि एकजण तर ठाम नाही म्हणाला. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

मग सगळ्यांसमोर शेजारच्या मालकांनी विचारलं, "ती ट्रॉलीची आयडिया तुमचीच ना, मॅडम?"

आजवर बाहेर कुणी विचारलं तर मी सांगायची, सासरे सरकारी नोकरीत होते. एवढंच. माझ्या धंद्यात कोळशाचं नाव घरातून आलेलं बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. तुम्हाला हे माहीत नव्हतं. असलं तर तुम्ही कधी दाखवलं नाहीत.

मी म्हणाले, "नाही. ट्रॉली यल्लप्पांनी सांगितली, आणि त्यांना बोलतं केलं माझ्या सासऱ्यांनी. तीस वर्षं कोळशाच्या बॉयलरवर होते ते."

रजा घेताना मी नुसतं 'घरी अडचण आहे' असं कळवलं होतं, त्यामुळं या भट्टीच्या मालकांना काही ठाऊक नव्हतं. ते एकदम खुश झाले. म्हणाले, "अरे, मग त्यांना घेऊन या की इकडं. दुसऱ्या भट्टीचं त्यांनाच विचारू."

यल्लप्पांनी मान खाली घातली. मी सांगितलं, ते गेले. पुन्हा कामाचं बोलणं सुरू झालं, मी उत्तरं देत राहिले, वेळा लिहून घेत राहिले.

अप्पा, मला माफ करा. मी ते बोलायला नको होतं. हे सांगायला मला कुठलंही रीडिंग लागत नव्हतं, महिना लागत नव्हता. त्या संध्याकाळी तुम्ही वर निघालात तेव्हा मी खालीच उभी होते. आपला जिना दहा पायऱ्यांचा आहे. तुमचे गुडघे दुखत होते, तुम्ही कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत चढत होता. मला भरपूर वेळ होता.